तीन तोंडांचा एक चार्जर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत टीव्हीखालचा खण रिकामा केला, तेव्हा त्यातून १४ चार्जर आणि त्याहून अधिक केबल निघाल्या. नोकियाच्या जाड पिनेचा एक, त्याच कंपनीच्या बारीक पिनेचे दोन, सोनी एरिक्सनचा चपट्या पिनेचा एक, फोनमधली बॅटरी काढून चिमट्यात अडकवायचा एक, जुन्या आयपॉडची ३० पिनांची रुंद केबल आणि मायक्रो-यूएसबीचे तर कितीतरी. एकेक करून बोर्डाला लावून पाहिले, तर त्यांतले बहुतेक अजून चालू होते. फोन निकामी झाले, विकले गेले किंवा कोणाला तरी देऊन टाकले. त्यांचे चार्जर मात्र दुसऱ्या कशालाच लागू पडत नसल्यामुळे खणात पडून राहिले. त्या संध्याकाळी घरात ठरले, की यापुढे प्रत्येक उपकरणाचा वेगळा चार्जर सांभाळत बसायचे नाही, सगळ्यांसाठी मिळून टाइप-सीचा एक चांगला चार्जर घ्यायचा. तो आता अकरा महिने रोजच्या वापरात आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून तो १,८५० रुपयांना घेतला. क्षमता ६५ वॅट, टाइप-सीची दोन तोंडे आणि जुन्या रुंद यूएसबी-एचे एक. कंपनीचे नाव येथे लिहिलेले नाही, कारण याच बनावटीचे चार्जर अनेक कंपन्या विकतात आणि माझे म्हणणे त्या बनावटीविषयी आहे. घरातल्या कोणकोणत्या वस्तूंना तो चालेल, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "पिन बसली म्हणजे चालणार, काका." त्याचे हे म्हणणे निम्मे खरे निघाले. उरलेले निम्मे कळायला मला दोन-तीन महिने लागले, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या उरलेल्या निम्म्याविषयी आहे.

आधी वस्तूविषयी. आकाराने हा चार्जर आंघोळीच्या साबणाच्या वडीएवढा आहे. माझ्या लॅपटॉपसोबत आलेला ६५ वॅटचाच जुना अडॅप्टर याच्या तिप्पट जागा घेत असे. हा फरक गॅलियम नायट्राइडमुळे पडतो. चार्जरच्या आत विजेची उघडझाप करणारे घटक पूर्वी सिलिकॉनचे असत. गॅलियम नायट्राइडचे घटक तीच उघडझाप कितीतरी अधिक वेगाने आणि कमी ऊर्जा वाया घालवून करतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान ठेवता येतो. लॅपटॉप चार्ज होत असताना चार्जर बऱ्यापैकी तापतो, पण हातात धरता येतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र मी तो उशीखाली किंवा पडद्याच्या घोळात राहू देत नाही. दोष एकच, आणि तो रोजचा आहे: वजन सगळे पुढच्या बाजूला असल्यामुळे जुन्या बोर्डाच्या ढिल्या सॉकेटमध्ये तो खाली झुकतो आणि एखाद्या वेळी पिनांपाशी चरचर असा आवाज येतो. आडव्या ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात ही अडचण येत नाही.

चार्जर घेण्यापूर्वी वाचायची गोष्ट त्याच्या पोटावर अगदी बारीक करड्या अक्षरांत छापलेली असते. माझ्या चार्जरवर पहिल्या तोंडासमोर लिहिले आहे: ५, ९, १२ आणि १५ व्होल्टला ३ अँपिअर, २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. त्याखाली पीपीएस, ३.३ ते २१ व्होल्ट, ३ अँपिअर. या दोन ओळींत त्याची सगळी पात्रता आली. टाइप-सीच्या तोंडात २४ संपर्क असतात आणि त्यांतल्या सीसी नावाच्या तारेवरून चार्जर व उपकरण एकमेकांशी अक्षरशः बोलतात. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो आणि आपण काय काय देऊ शकतो याची यादी उपकरणाला कळवतो. उपकरण त्या यादीतले आपल्याला झेपेल ते मागते, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज वाढते. या सर्वमान्य बोलीला पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, म्हणतात. पीपीएस हा तिचाच पुढचा भाग आहे. त्यात ठरावीक चार-पाच पायऱ्यांऐवजी फोन बॅटरीच्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे २० मिलिव्होल्टच्या फरकाने व्होल्टेज कमी-जास्त मागू शकतो, म्हणून फोन कमी तापतो.

ही बोली ज्यांना येते त्या उपकरणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तक्रारीला जागाच नाही. लॅपटॉप पहिल्या दिवसापासून त्याच्या मूळ अडॅप्टरइतक्याच वेगाने चार्ज होतो आणि मूळ अडॅप्टर मी नंतर कधी बाहेर काढलेला नाही. मुलीचा आयफोन १३ हा लायटनिंगच्या तोंडाचा आहे. त्याला टाइप-सी ते लायटनिंग अशी केबल लागते, पण पलीकडचा संवाद पीडीचाच असल्यामुळे अर्ध्या तासात साधारण निम्मी बॅटरी भरते. माझा फोन पीपीएस जाणणारा आहे आणि तो तर या चार्जरवर जणू स्वतःच्याच चार्जरवर असल्यासारखा वागतो.

पत्नीच्या फोनपाशी मात्र दुकानदाराचे वाक्य अपुरे पडले. तिच्या फोनसोबत खोक्यात ८० वॅटचा चार्जर आला होता आणि त्यावर २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला त्या फोनला जेमतेम २५ मिनिटे लागतात. तोच फोन या नव्या चार्जरला, त्याच टाइप-सी तोंडाने जोडला, तर तेवढ्याच चार्जिंगला सव्वा तास लागला. प्रथम मला चार्जर सदोष वाटला, मग केबल बदलून पाहिली, मग फोन बंद करून पाहिला, वेळ तेवढाच. यात बिघाड कशातच नव्हता. त्या फोनची जलद चार्जिंगची बोली कंपनीची स्वतःची आहे आणि ती फक्त कंपनीच्या चार्जरला व कंपनीच्या केबललाच समजते. परक्या चार्जरशी तो पीडीत दोन-चार शब्द बोलतो आणि मिळेल त्या थोड्या विजेवर भागवतो. उलट बाजूने पाहिले तर स्थिती आणखी अवघड होती. तिच्या ८० वॅटच्या चार्जरचे तोंड यूएसबी-एचे आहे आणि ए ते सी केबलमधून पीडीचे बोलणे होतच नाही. त्यामुळे त्या चार्जरवर माझा लॅपटॉप चार्जिंगच घेईना, आणि माझा फोन जुन्या काळच्या संथ गतीने चढत राहिला. म्हणजे ज्या चार्जरवर ८० हा आकडा ठळक छापलेला आहे, तो घरातल्या इतर सर्वांसाठी १० वॅटचा चार्जर आहे.

या स्वतंत्र बोलींमागे नुसता धंदा होता असे मी म्हणणार नाही. ओप्पोने २०१४ मध्ये व्हूक ही पद्धत आणली, तेव्हा इतर कंपन्या व्होल्टेज वाढवून चार्जिंग जलद करत होत्या. वाढलेले व्होल्टेज फोनच्या आत पुन्हा उतरवावे लागे आणि ती उष्णता फोनमध्ये, म्हणजे थेट वापरणाऱ्याच्या हातात, साचत असे. व्हूकने व्होल्टेज ५ च्या आसपास ठेवून प्रवाह वाढवला आणि उतरवण्याचे काम चार्जरकडे दिले. फोन थंड राहिला, पण त्यासाठी जाड तारांची खास केबल लागली. ही उत्तम अभियांत्रिकी होती आणि पुढे सर्वांच्या पीपीएसमध्ये जो विचार आला, त्याच्याशी तिचे नाते जवळचे आहे. अडचण तिथून पुढे सुरू होते. कोल्हापूरला एका लग्नाला गेलो असताना पत्नीचा चार्जर घरीच राहिला. कार्यालयात टाइप-सीचे निदान दहा चार्जर होते, सगळ्यांची पिन तिच्या फोनमध्ये बसत होती, आणि तरी निघण्याच्या वेळेपर्यंत फोन निम्माही भरला नाही. नोकियाच्या काळात जाड पिन बारीक तोंडात जात नसे, ते डोळ्यांना दिसे आणि माणूस दुसरा चार्जर शोधायला लागे. आता तोंड एक झाले आहे, बोली एक झालेली नाही, आणि न जुळणे बाहेरून दिसत नाही. आज चार्जर घेणाऱ्याला फसवणारी गोष्ट हीच आहे, म्हणून मी तिच्यावर इतका वेळ घालवत आहे.

युरोपीय संघाने केलेला कायदा मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी. त्याची चर्चा आपल्याकडे 'अ‍ॅपलला टाइप-सी लावावे लागले' एवढ्यापुरतीच झाली. युरोपीय आयोगाने आधी सामोपचाराचा मार्ग धरला होता. २००९ मध्ये मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत केल्याचे लिहून दिले आणि त्यामुळे ती बारीक-जाड पिनांची गर्दी खरोखरच ओसरली; पण त्या करारात अडॅप्टर विकत देण्याची मुभा होती, त्यामुळे वेगळे तोंड ठेवू इच्छिणाऱ्याला ते ठेवता आले. मग २०२१ मध्ये कायद्याचा मसुदा आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन अशा उपकरणांना टाइप-सी सक्तीचे झाले, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. वापराविना पडलेल्या आणि फेकलेल्या चार्जरांचा तिथला कचरा वर्षाला ११,००० टन असल्याचा आयोगाचा अंदाज होता. आमचा टीव्हीखालचा खण आठवला की तो आकडा मला मुळीच फुगवलेला वाटत नाही. परंतु या कायद्यातले खरे मोलाचे कलम पुढचे आहे: १५ वॅटपेक्षा जलद चार्ज होणाऱ्या उपकरणाला पीडी आलीच पाहिजे, आणि कंपनीने आपली वेगळी बोली ठेवली तरी तिच्यामुळे पीडीच्या पूर्ण क्षमतेत अडथळा येता कामा नये. तोंडाबरोबर बोलीचाही विचार त्यात केलेला आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केले. पत्नीच्या फोनचा सव्वा तास पाहिल्यावर मला असे ठामपणे वाटते, की आपल्याकडच्या पुढच्या प्रत्येक नियमात बोलीचे ते कलम असायलाच हवे.

लायटनिंगवर मात्र अन्याय होऊ नये. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर ते आले, तेव्हा बाकीचे सगळे जण अंधारात मायक्रो-यूएसबीची सरळ बाजू चाचपडत होते. लायटनिंग कसेही लावले तरी बसत होते. टाइप-सीचे मानक त्यानंतर दोन वर्षांनी, २०१४ मध्ये आले. लायटनिंगची जीभ केबलच्या टोकाला आहे आणि फोनमधले तोंड रिकाम्या खाचेसारखे आहे, त्यामुळे खिशातले सुती तंतू साचले तर लाकडी काडीने सहज निघतात. टाइप-सीच्या फोनमध्ये मात्र मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्याभोवती साफ करताना मला आजही जपूनच हात चालवावा लागतो. एवढे चांगले तोंड अ‍ॅपलने इतरांना खुले केले नाही. साहित्य बनवायचे तर परवाना घ्यायचा आणि केबलमध्ये ओळख पटवणारी चिप बसवायची, असा त्यांचा नियम होता. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीचा झाला आणि मुलीचा पुढचा फोन आला की आमच्या घरातली ती वेगळी केबलही जाईल.

दुसरा अनुभव विजेरीचा. लोडशेडिंगसाठी घेतलेल्या आमच्या विजेरीला टाइप-सीचे तोंड आहे. नव्या चार्जरच्या टाइप-सी तोंडातून, सी ते सी केबलने ती लावली, तर लाल दिवासुद्धा लागेना. तीच विजेरी ए ते सी केबलने यूएसबी-ए तोंडाला लावली, तर लगेच चार्ज होऊ लागली. याचे कारण समजल्यावर मला चार्जरविषयी आदरच वाटला. टाइप-सीचा नीट बनवलेला चार्जर समोर कोणी आहे याची खात्री पटेपर्यंत तोंडावर वीज सोडतच नाही. ही खात्री पटवण्यासाठी उपकरणात सीसीच्या दोन संपर्कांवर ५.१ किलोओहमचे दोन छोटे रोधक (रेझिस्टर) लागतात, ज्यांची किंमत पैशांत मोजावी. विजेरी बनवणाऱ्याने तेवढेही वाचवले होते. यूएसबी-एच्या तोंडावर ५ व्होल्ट नेहमीच असतात, म्हणून तिथे ती चालते. अशी चूक स्वस्त वस्तूंतच होते असेही नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या प्रसिद्ध छोट्या संगणकात दोन रोधकांऐवजी एकच सामाईक वापरला गेला होता आणि स्वतःची ओळख सांगणारी चिप असलेल्या टाइप-सी केबलवर तो चालू होत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारण्यात आले. म्हणून माझा आग्रह असा, की सध्या तरी चार्जर घेताना एक तोंड यूएसबी-एचे असलेलाच घ्यावा. आमची विजेरी, रक्तदाबाचे यंत्र आणि आईचा बटणांचा मायक्रो-यूएसबी फोन त्या एका तोंडावर निभावतात.

केबलबाबत या चार्जरसोबत काहीच आले नाही आणि ते बरेच झाले, कारण केबल विचारपूर्वकच घ्यावी लागते. साधी सी ते सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. त्याहून जास्त प्रवाहासाठी केबलच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर माझा ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉपला २० व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटच देतो. या नेमस्तपणामुळे धोका टळतो, पण बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. केबलवर ६० वॅट किंवा २४० वॅट असे चिन्ह छापण्याची पद्धत मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये आणली खरी. तापकीर गल्लीत मला दाखवलेल्या सात-आठ केबलांपैकी एकीवरच ते चिन्ह होते. आम्ही चिप असलेल्या जाड केबलला लाल दोरा बांधून ठेवला आहे. रस्त्यावरची अगदी स्वस्त केबल मात्र मी घेत नाही. गूगलमध्ये काम करणाऱ्या बेन्सन ल्युंग या अभियंत्याने २०१५-१६ मध्ये बाजारातल्या टाइप-सी केबल एकेक करून तपासल्या आणि उलट तारा जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. तेव्हापासून बाजार पुष्कळ सुधारला आहे, तरी चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूला ऐंशी रुपयांची अनोळखी केबल लावण्याचे धाडस मला होत नाही.

तीन तोंडे एकाच वेळी वापरली तर ६५ वॅट वाटले जातात. दोन टाइप-सी वापरली की पहिल्याला ४५ आणि दुसऱ्याला २० मिळतात. यूएसबी-एही वापरले तर दुसरे टाइप-सी आणि ए मिळून १५ वॅटमध्ये भागवतात. ४५ वॅटवर माझे लिहिण्या-वाचण्याचे काम बिनतक्रार चालते. खटकते ते एवढेच, की दुसऱ्या तोंडाला काहीही लावले किंवा काढले की चार्जर सगळ्यांशी नव्याने बोलणी करतो आणि लॅपटॉपचे चार्जिंग दोन सेकंद तुटून पुन्हा सुरू होते. कानातल्या हेडफोनची डबी लावतानाही हे होते. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे काम अडत नाही, पण बॅटरीशिवाय चालणारी एखादी वस्तू, उदाहरणार्थ वायफायचे राउटर, या चार्जरवर चालवू नये.

खणातल्या १४ चार्जरांपैकी १३ आम्ही ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिले. पत्नीचा ८० वॅटचा तेवढा ठेवला, कारण तिच्या फोनला घाईच्या वेळी दुसरा पर्याय नाही. पुढचा फोन पीपीएसवर पूर्ण वेगाने चार्ज होणाराच घ्यायचा, हे मात्र तिने स्वतःहून ठरवले आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घरासाठी आणखी एक चार्जर घ्यायला त्याच दुकानात गेलो. या वेळी ४५ वॅटचा पुरेसा होता. दुकानदाराने पुढे केलेल्या खोक्यावरची अक्षरे मोबाइलची विजेरी लावून आम्ही दोघांनी वाचली. मानक ब्युरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, पीडीच्या ओळी होत्या, पीपीएस नव्हते. त्याने आतून दुसऱ्या कंपनीचे खोके आणले, त्यावर पीपीएसची ओळ होती आणि यूएसबी-एचे एक तोंडही होते. दीडशे रुपये जास्त देऊन ते घेतले.